दरवर्षी नवी समिती : मग विहाराचे दप्तर कोणी सांभाळावयाचे?

काही दिवसांपूर्वी एका तालुक्याच्या गावचे पाच गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांच्या विहारामागील मोकळ्या जागेत शेजारच्या मनुष्याने प्रथम गोठा बांधला, पुढे भिंत घातली, आणि आता ती जागा आपल्या वडिलोपार्जित मालकीची आहे असे तो उघड सांगू लागला आहे. ‘वकीलसाहेब, दावा लावा,’ एवढेच त्यांचे म्हणणे. मी विचारले, गोठा कोणत्या साली बांधला? एक म्हणाला सहा वर्षे झाली, दुसरा म्हणाला दहा झाली, तिसरा म्हणाला, तेव्हा आम्ही समितीत नव्हतो. जागेचे बक्षीसपत्र कोठे आहे? ते मागच्या चिटणिसाकडे. मागच्या चिटणिसाकडे माणूस धाडला, तर त्याचे उत्तर आले की, माझ्या आधीच्याने मला काही दिलेच नाही. अखेर धर्मादाय कार्यालयातून नोंदणीचा उतारा काढून आणला. त्यावर नऊ विश्वस्तांची नावे निघाली. नवांपैकी सहा निधन पावलेले. उरलेल्या तिघांपैकी दोघे गाव सोडून गेलेले. माझ्यासमोर बसलेल्या पाचांपैकी एकाचेही नाव त्या उताऱ्यावर नव्हते.

आणि जागा बळकावणारा? तो मात्र पहिल्या दिवसापासून तोच होता. या मधल्या काळात विहाराच्या आठ समित्या झाल्या. तो एकटा आपल्या जागी बसून राहिला.

दीक्षा घेतलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, ही एका गावची कथा म्हणून मी सांगत नाही. वकिलीच्या धंद्यात विहारांचे, वसतिगृहांचे, वाचनालयांचे आणि मंडळांचे जे कज्जे माझ्या हातून गेले, त्यांतील पुष्कळांचे मूळ मला एकाच ठिकाणी सापडले आहे. आमच्या संस्थांत माणसे टिकत नाहीत. अध्यक्ष दरवर्षी नवा, चिटणीस दरवर्षी नवा, खजिनदार तर सहा महिन्यांतही नवा. पगारी नोकर असला तर तोही शाळेच्या सत्राबरोबर येतो आणि सत्राबरोबर जातो. या येण्याजाण्यास आम्ही लोकशाही म्हणतो आणि स्वतःवर खूश होतो. माझे स्पष्ट मत असे आहे की, ही लोकशाही नसून संस्थेची नासाडी आहे. आणि ती थांबविली नाही तर पूर्वजांनी पोटास चिमटा घेऊन उभ्या केलेल्या वास्तू आमच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या होतील.

या चुकीचा उगम कोठे आहे ते प्रथम पाहू. आमच्या वस्तीत सर्वांस परिचित असलेली संघटना म्हणजे जयंती समिती. ती फेब्रुवारी-मार्चमध्ये स्थापन होते, वर्गणी गोळा करते, १४ एप्रिल साजरा करते, हिशेब वाचून दाखविते आणि विसर्जित होते. पुढील वर्षी नवे तरुण नवी समिती करतात. यात काहीच गैर नाही. जयंतीचे काम जयंतीबरोबर संपते; सबब तिच्या समितीनेही संपावे हेच रास्त. परंतु विहाराचे काम कोणत्या तारखेस संपते? वसतिगृहातील मुलाचे शिक्षण कोणत्या मिरवणुकीनंतर पूर्ण होते? जमिनीचा सातबारा, घरपट्टी, वीजबिल, लेखापरीक्षण, मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, यांस विसर्जन नाही. विहार चालविण्यासाठी आम्ही जयंती समितीचा कित्ता गिरविला, हीच मूळ चूक होय.

या चुकीचे परिणाम काय होतात ते कायद्याच्या बाजूने सांगणे माझे कर्तव्य आहे. आपल्या बहुतेक विहारांची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली झालेली असते. हा कायदा पूर्वी मुंबईच्या नावाने होता, आज महाराष्ट्राच्या नावाने आहे. त्याच्या २२ व्या कलमाप्रमाणे विश्वस्तांत बदल झाला की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज दाखल करावा लागतो. दरवर्षी समिती बदलणारी किती मंडळे हा अर्ज दरवर्षी करतात? नवी समिती म्हणते, हे काम जुन्यांचे होते. जुनी म्हणते, आम्ही तर पद सोडले. एक अर्ज राहिला की पुढील समितीचा अर्ज अडखळतो, कारण कोणाच्या जागी कोण आले ही साखळीच तुटलेली असते. सभेत रीतसर निवडून आलेल्या मनुष्यास काहीच अधिकार नसतो असे मी म्हणत नाही. परंतु बँकेचा अधिकारी, तलाठी, नगरपालिका आणि न्यायालय हे तुमच्या सभेस हजर नव्हते. ते उतारा मागतात, आणि उताऱ्यावर दिवंगत माणसे विश्वस्त असतात.

दुसरे कलम ३६ वे. विश्वस्त संस्थेची स्थावर मिळकत विकावयाची असेल, किंवा इमारत वा बिनशेती जागा तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीने आणि शेतजमीन दहा वर्षांपेक्षा अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने द्यावयाची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. पाच-सात वर्षे कारभार पाहिलेल्या चिटणिसास हे ठाऊक असते. कालच निवडून आलेल्यास ते कोण सांगणार? तो विहाराच्या दर्शनी भागातील गाळा एका दुकानदारास शंभर रुपयांच्या स्टँप कागदावर पंधरा वर्षांसाठी लिहून देतो, आलेल्या अनामतीतून रंगरंगोटी करतो आणि वर्षअखेर पदावरून उतरतो. पुढील समितीस तो कागद कधी पाहावयास मिळत नाही. दुकानदारापाशी मात्र तो जपून ठेवलेला असतो.

तिसरी गोष्ट मुदतीची. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे मालकीच्या आधारे स्थावर मिळकतीचा ताबा मागण्याचा दावा, प्रतिवादीचा ताबा प्रतिकूल झाल्यापासून बारा वर्षांच्या आत लावावा लागतो. बारा वर्षे हा काळ ज्याच्या डोक्यात एकसलग आहे त्यास तो लहान वाटतो. ज्या संस्थेची स्मृती दर बारा महिन्यांनी पुसली जाते तिच्या दृष्टीने मात्र बारा वर्षे म्हणजे बारा अनोळखी मंडळींचा काळ होय. प्रत्येक समिती ‘पुढील वर्षी पाहू’ म्हणते, आणि पुढील वर्षी पाहणारा कोणी तिसराच असतो. कायद्याची मुदत समितीच्या निवडणुकीसाठी थांबत नाही.

आता नोकरांविषयी. आमच्या संस्थांतील ग्रंथपाल, वसतिगृहाचा अधीक्षक, बालवाडीची शिक्षिका, रात्रीचा पहारेकरी यांस आम्ही दहा महिन्यांच्या तोंडी बोलीवर ठेवतो. मानधन तुटपुंजे, तेही दोन महिने थकलेले. सुटीत निरोप, जूनमध्ये नवा मनुष्य. कोणता मुलगा कोणत्या गावचा, कोणाचा दाखला यावयाचा आहे, कोणाची शिष्यवृत्ती कोणत्या त्रुटीमुळे अडली आहे, कोणाच्या घरी फोन करून काही उपयोग नाही, हे जाणणारा अधीक्षक निघून जातो, आणि नव्या अधीक्षकास ते समजेपर्यंत अर्जाची तारीख टळते. नुकसान कोणाचे झाले? अध्यक्षाचे नव्हे, खजिनदाराचे नव्हे. ज्या विधवा मातेने खुरपणीच्या मजुरीतून मुलास तालुक्याला पाठविले तिचे एक वर्ष गेले.

ज्यांच्या घरातील माणसे मुंबईच्या गिरण्यांत होती त्यांस ‘बदली कामगार’ हा शब्द समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. रोज पहाटे फाटकापाशी उभे राहावयाचे, जॉबरने बोट दाखविले तर आत जावयाचे, नाही तर परत फिरावयाचे. ज्यास उद्याची खात्री नाही तो जॉबरपुढे मान वर करू शकत नसे, आणि जॉबरचे राज्य याच अनिश्चिततेवर चालत होते. त्या फाटकाचा अपमान ज्यांच्या आजोबांनी गिळला, त्यांनी आपल्या विहाराच्या दारात तेच फाटक उभे करावे, याहून लाजिरवाणी गोष्ट कोणती? शिवाय यामागे नेहमी भोळेपणाच असतो असेही समजू नका. ज्यास हिशेब दाखवावयाचा नसतो त्यास हिशेब जाणणारा नोकर नकोसा असतो. माणसे वारंवार बदलली की जाब विचारणारा कोणी उरत नाही. आणि माणसे कितीही बदलली तरी पडद्यामागे एक कारभारी कायमच असतो. तो कोणत्याही यादीत नसतो, निवडणुकीस उभा राहत नाही, परंतु कपाटाची किल्ली त्याच्या खिशात असते. ज्या बदलास आपण लोकशाही म्हणतो त्याचा लाभ अखेर यालाच मिळतो.

यावर मला दोन आक्षेप ऐकविले जातात. त्यांचा विचार केल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पहिला आक्षेप असा : माणसे कायम ठेवली की त्यांचे मठाधिपती होतात. आम्ही बडवे आणि पुजारी सोडून आलो. विहारात नवे बडवे कशास निर्माण करावयाचे? हा आक्षेप खोटा नाही. खुर्चीस चिकटून बसलेले, विहारास खासगी मालमत्ता समजणारे महाभाग आपल्यातही आहेत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी राजकारणातील व्यक्तिपूजेविरुद्ध इशारा दिला होता, तो विसरून चालणार नाही. परंतु त्याच भाषणात त्यांनी दुसरीही गोष्ट सांगितली : ठराव, गणपूर्ती, मतमोजणी इत्यादी सभाशास्त्राचे नियम प्राचीन भिक्षुसंघास ठाऊक होते. म्हणजे व्यक्तिपूजेवरील उतारा त्यांनी नियमांत पाहिला. एक मनुष्य वीस वर्षे बसणे हा एक रोग, वीस वर्षांत वीस माणसे बसणे हा दुसरा. दोहोंत संस्था मरते. पहिल्यात ती एकाच्या खिशात जाते, दुसऱ्यात ती रस्त्यावर सांडते.

तथागतांनी या प्रश्नाची उकल कशी केली ते नवदीक्षितांनी लक्षपूर्वक पाहावे. महापरिनिर्वाणापूर्वी त्यांनी आपल्या गादीवर कोणासही बसविले नाही. माझ्यामागे धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ते, असा त्यांचा आदेश होता. याचा अर्थ संघात माणसांच्या टिकण्यास किंमत नव्हती असा होतो काय? मुळीच नाही. नवा भिक्षू दीक्षा घेताच मोकळा सुटत नसे. तो समर्थ असला तरी निदान पाच वर्षे त्याने आचार्याच्या आश्रयाने राहून शिकावे, आणि दुसऱ्यास उपसंपदा देणारा उपाध्याय स्वतः किमान दहा वर्षांचा भिक्षू असावा, असा विनयाचा नियम आहे. दर पंधरवड्यास उपोसथाच्या दिवशी पातिमोक्खाचे पठण होई, ज्यायोगे कोणी आले, कोणी गेले तरी नियम सर्वांच्या कानांवर राहत. परंपरा सांगते की आनंद पंचवीस वर्षे तथागतांच्या सेवेत होते; राजगृहाच्या पहिल्या संगीतीत धम्म सांगण्यास ते उभे राहिले, आणि विनय सांगण्यास उपाली. दरवर्षी नवा सेवक नेमला असता तर त्या सभेत कोणी काय सांगितले असते? गादी कोणाचीच नाही, परंतु स्मृती अखंड : ही संघाची रीत होती. आम्ही तिचे उलटे केले आहे. गादीसाठी भांडतो आणि स्मृती उकिरड्यावर टाकतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. तरुण मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जातात, बदल्या होतात, मुली सासरी जातात. त्यांस बांधून ठेवणार कसे? बांधून ठेवा असे कोणी म्हणत नाही. माणसे जाणारच. प्रश्न एवढाच आहे की, जाणारा मनुष्य काय ठेवून जातो. आज तो काय करतो? रुसून जातो. सभेत शब्दाला शब्द लागला की सभावृत्तांताची वही बगलेत मारतो, शिक्का खिशात घालतो आणि दुसऱ्याच दिवशी दुसरे मंडळ काढतो. एका गल्लीत तीन मंडळे आणि तिन्हींपाशी एकाही जागेचा पुरावा नाही, असे दृश्य मी पाहिले आहे. नोकरीनिमित्त दूर गेलेल्या तरुणास मी दोष देत नाही. वही घेऊन गेलेल्यास मात्र देतो. ती वही त्याची नव्हती. ज्यांनी वर्गणी दिली त्या सर्वांची होती.

चळवळीच्या इतिहासाकडे पाहा. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हजारो माणसांनी घेतले, हे पोरासोरांसही ठाऊक आहे. परंतु त्याच वर्षाच्या डिसेंबरात बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दिवाणी दावा लागला, तो एका न्यायालयातून दुसऱ्यात जात राहिला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींस अनादी रूढी सिद्ध करता आली नाही असे ठरविले, हे किती जणांस ठाऊक आहे? तळ्यावर एका दिवसात गाजविलेला हक्क न्यायालयात कायम व्हावयास सुमारे दहा वर्षे लागली. त्या दहा वर्षांत कैफियत कोणी सांभाळली, तारखा कोणी पाळल्या, कागद कोणी जपले? प्रतिवादींनी दरवर्षी नवी समिती नेमून जुने कागद हरविले असते, तर निकाल काय लागला असता याची कल्पना करा.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच घरात आहे, ते लपविण्याचे कारण नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. त्याच वर्षी बाबासाहेब पुढील शिक्षणासाठी लंडनला गेले. मागे संपादकपद एकाकडून दुसऱ्याकडे गेले, पैशाची ओढाताण तर होतीच, आणि १९२३ साली पत्र बंद पडले. मुक्यांस मिळालेला आवाज तीन-चार वर्षांत थांबला. १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ काढताना संपादनाची धुरा बाबासाहेबांनी स्वतःकडे घेतली. त्यांच्यासारख्या पुरुषाच्या उपक्रमासही जर सातत्याअभावी हा फटका बसतो, तर तुमच्या-आमच्या मंडळांची कथा काय?

आणि सर्वांत मोठा धडा आपल्या स्वतःच्या हक्काचा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली, आणि दीक्षा घेणारा मनुष्य १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीतून बाहेर पडला. तो अन्याय दूर करणारा कायदा संसदेने १९९० साली केला. मध्ये चौतीस वर्षे गेली. चौतीस वर्षे एकच मागणी, तीच कागदपत्रे, तीच निवेदने एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती दिली तेव्हा हे घडले. जो हक्क मिळावयास चौतीस वर्षे लागतात तो एका वर्षाच्या स्मृतीच्या संस्थेस कधी मिळणार नाही; आणि मिळालेला तिला टिकविताही येणार नाही.

तेव्हा करावयाचे काय? माझ्या सूचना थोड्या आहेत आणि त्यांस पैसा लागत नाही.

पहिली : विहार समितीची मुदत वर्षाची ठेवू नये. आपल्या घटनेत रीतसर दुरुस्ती करून ती तीन वा पाच वर्षांची करावी, आणि सर्व सभासद एकाच दिवशी निवृत्त न होता काही आधी व काही नंतर निवृत्त होतील अशी व्यवस्था करावी. राज्यसभेचे एकतृतीयांश सभासद दर दोन वर्षांनी निवृत्त होतात आणि सभागृह कधी विसर्जित होत नाही; ही योजना आपल्या संविधानातच आहे. मात्र कोणाही एकास लागोपाठ दोन मुदतींपेक्षा अधिक काळ एकाच पदावर राहू देऊ नये, म्हणजे मठाधिपतीची भीती उरणार नाही.

दुसरी : पद सोडणाऱ्याने आठ दिवसांच्या आत यादीनिशी दप्तर सोपवावे. बक्षीसपत्र वा खरेदीखत, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, नोंदणीचा दाखला, सभावृत्तांत, पावतीपुस्तके, बँकेचे पासबुक, लेखापरीक्षण अहवाल, करांच्या पावत्या, शिक्का आणि किल्ल्या. यादीवर देणाऱ्याची, घेणाऱ्याची आणि दोन साक्षीदारांची सही असावी. सर्व मूळ कागदांच्या प्रती दुसऱ्या एका घरी ठेवाव्यात.

तिसरी : निवडणूक झाली त्याच आठवड्यात बदल अर्जाची तयारी करावी. नव्वद दिवस पुष्कळ वाटतात. ते लग्नसराईत संपतात.

चौथी : नोकरास लेखी नेमणूक द्यावी, वेळेवर पगार द्यावा, आणि तो जाणार असेल तर नव्या मनुष्याने त्याच्याबरोबर निदान एक महिना काम करावे. तेवढा दुहेरी पगार जड वाटत असेल, तर जयंतीच्या ध्वनिक्षेपकाच्या भाड्यातून तो काढावा.

पाचवी : विहारात रोज झाडलोट करणाऱ्या, वंदना घेणाऱ्या, वर्गणीची पै न पै लक्षात ठेवणाऱ्या आमच्या मायबहिणी आहेत. समित्या आल्या आणि गेल्या, त्या तेथेच आहेत. त्यांस शोभेसाठी एक सभासदत्व देऊन बाजूस बसवू नका. कपाटाची एक किल्ली त्यांच्या हाती द्या.

मंडळ नवे असो वा जुने, प्रत्येक कुटुंबास माझी एकच विनंती आहे. येत्या पौर्णिमेस वंदना आटोपल्यावर उठून घरी जाऊ नका. समितीस म्हणा, कपाट उघडा आणि आमच्या जागेचा कागद आम्हांस दाखवा. कागद निघाला तर तो कोणी जपला त्याचे सर्वांसमक्ष आभार माना. नाही निघाला, तर तो शोधण्यास त्याच रात्री प्रारंभ करा. कारण भिंतीपलीकडे जो बसला आहे तो आपली वर्षे मोजीत आहे.

जयभीम.